उमजेचा भागाकार

टेम्पोतून कुंड्या उतरत होत्या आणि शर्वाणी गव्हाणे जिन्यात उभी राहून कोणती कुठे ठेवायची ते सांगत होती. पाम जिन्यापाशी, शेवंती कुलगुरूंच्या दालनाबाहेर, क्रोटन जिथे भिंतीला ओल आली आहे तिथे. एका पामची कुंडी सरकवताना तिला कडेवर चिकटवलेली निळी पट्टी दिसली: 'ऑर्बिटा विद्यापीठात आपले हार्दिक स्वागत.'

तिनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

"हर्षल, तुमचे पाम आमच्याकडे आलेत."

"पोचले का? आयोगाच्या मॅडम इथे अजून चहा पितायत, आणि मागच्या गेटनं कुंड्या बाहेर. तूही त्याच नर्सरीवाल्याला सांगितलंस?"

"बायपासला नर्सरी एकच आहे."

"मग ती पट्टी तेवढी काढ. आमची अब्रू जाईल."

"काढते. सकाळचं कसं झालं तुमचं?"

"ऑफिसचं बोलायचं नाही असं ठरलंय ना आपलं?"

"घरी बोलायचं नाही असं ठरलंय. मी जिन्यात उभी आहे."

"जिन्यातही नाही," असं म्हणून हर्षलनं फोन ठेवला. शर्वाणीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. दोघांपैकी कोणाचं बिऱ्हाड गोंदियाला हलणार, हे आज संध्याकाळी ठरणार होतं.

कुर्डुवाडीच्या बायपासला दोन विद्यापीठं समोरासमोर होती. अलीकडे सीना विद्यापीठ. सरकारी, जुनं, दगडी इमारतींचं. तिथल्या प्रयोगशाळेतल्या तराजूंना पितळी वजनं होती आणि पंखे बटण दाबल्यावर आधी थोडा विचार करून मग फिरत. पलीकडे ऑर्बिटा विद्यापीठ. खासगी, नवं, काचेचं. तिथे हिरवळ इतकी नीट कापलेली असे, की तिच्यावरून चालायला पोरं कचरत. दोन्हीकडे गुणवत्ता हमी कक्ष होता. सीनाचा शर्वाणी सांभाळायची आणि ऑर्बिटाचा हर्षल. दोघांची ओळखसुद्धा फायली कशा लावाव्यात याच्या प्रशिक्षणात झाली होती. तीन दिवस शेजारी बसून दोघांनी एकमेकांच्या फायलींवर चित्रं काढली आणि पुढच्या हिवाळ्यात लग्न केलं.

तोवर विद्यापीठांची गुणवत्ता मोजायची पद्धत जुनीच होती. बैठका किती झाल्या, समित्या किती नेमल्या, इमारतीचं क्षेत्रफळ किती, पुस्तकं किती. मग मण्याचा शोध लागला.

मण्यामागची गोष्ट खरं तर सोपी होती. माणसाला एखादी गोष्ट अचानक उमजते, तेव्हा मेंदूत काय घडतं हे बऱ्याच वर्षांपूर्वी माहीत झालं होतं. आधी क्षणभर एक संथ लहर येते, जणू मेंदू बाहेरच्या जगाकडे डोळे मिटून घेतो. आणि लगेच उजव्या कानाच्या वरच्या बाजूला एक बारीक, वेगवान थरथर उमटते. शिंकेसारखंच हे. ठरवून आणता येत नाही, आणि आली तर लपवता येत नाही. पूर्वी ही थरथर टिपायला डोक्यावर तारांचं जंजाळ लागायचं. आता ज्वारीच्या दाण्याएवढा मणी कानामागे चिकटवला की काम होई. काय उमजलं हे मण्याला कळत नसे, फक्त काहीतरी उमजलं एवढंच. कधी, कुठे, आणि जवळ आणखी कोणाचे मणी होते, याची तो नोंद ठेवी. जबड्याच्या हाडाची कंपनं कानामागे पोचतात, त्यामुळे तेव्हा कोण बोलत होतं हेही त्याला कळे. अशा एका थरथरीला शास्त्रज्ञांनी नाव दिलं 'एक उमज', आणि राज्याच्या उच्चशिक्षण आयोगानं ते उचललं.

आयोगानं सूत्र मांडलं. वरती ठेवायच्या विद्यार्थ्यांच्या उमजा, खाली ठेवायचे गुणवत्तेच्या व्यवस्थापनावर खर्ची पडलेले माणसांचे तास. बैठका, सूचना, तालमी, स्वागतं, सगळे. भागाकार येईल ती त्या व्यवस्थापनाची कार्यक्षमता. दोन घरांत तांदूळ सारखाच आणि गॅसही सारखाच, पण एका घरात दहा माणसं जेवून उठतात आणि दुसऱ्यात सहा, तर स्वयंपाक कुठला चांगला हे सांगायला भिंतींचा रंग बघावा लागत नाही. गरीब सरकारी आणि श्रीमंत खासगी विद्यापीठं पहिल्यांदाच एका तराजूत बसली. शर्वाणी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. होती. ते सूत्र वाचताना तिला सुंदर गणित सुटल्यासारखा आनंद झाला होता.

आनंद पुढच्या परिच्छेदापर्यंत टिकला. समोरासमोरच्या दोन विद्यापीठांना दोन गुणवत्ता कक्ष कशाला, असं आयोगाचं म्हणणं होतं. ज्याची कार्यक्षमता कमी निघेल त्याचा कक्ष बंद करायचा, आणि त्याच्या समन्वयकाला गोंदियाच्या नव्या केंद्रावर पाठवायचं. सीना आणि ऑर्बिटा ही या नियमाची पहिलीच जोडी होती.

हा नियम आला त्या दिवशी संध्याकाळी दोघं घरी आले ते एकमेकांकडे न बघताच. हर्षलनं पोहे केले, शर्वाणीनं ते खाऊन संपवले आणि म्हणाली, "मी मुद्दाम हरणार नाही हं."

"मी कुठे म्हटलं हर म्हणून? मीही हरणार नाही. पण मीठ कमी झालंय का?"

"मीठ ठीक आहे. गोंदिया लांब आहे."

"लांबच आहे," हर्षल म्हणाला. तेव्हाच ठरलं, की घरी ऑफिसचा विषय काढायचा नाही.

पुढचा महिना दोघांनी जे केलं, ते मूल्यांकनाला सामोऱ्या जाणाऱ्या प्रत्येक संस्थेनं आजवर केलेलं होतं. भिंतींना चुना लागला. रांगोळीवाल्या मुली ठरल्या. लेझीमचं पथक सकाळी ऑर्बिटात आणि दुपारी सीनात असं वाटून घेतलं गेलं, कारण पथकही एकच होतं. विद्यार्थ्यांना मणी आठवडाभर आधी वाटले, म्हणजे सवय व्हावी. यंत्र तपासायला शर्वाणीनं एक मणी पहिल्या दिवसापासूनच स्वतःच्या कानामागेही लावला होता. रोज संध्याकाळी ती आपली रेघ बघायची. रेघ सपाट असायची. 'महिनाभरात तुला नवीन काहीही उमजलेलं नाही,' असं स्वतःलाच सांगून ती दिवा मालवायची.

नमुना तासासाठी तिनं भौतिकशास्त्राचे पाटणे सर निवडले. सर छान शिकवत. विषय ठरला: फिरणारी चाकं आणि त्यांचा जोर. पहिल्या बाकांवर पहिल्या येणाऱ्या पोरी, मागे नीट गणवेशातले. प्रश्न कोणी विचारायचा, कितव्या मिनिटाला, सगळं ठरलं. तालीम झाली, मग रंगीत तालीम झाली. आणि ज्यांचे विषय राहिले होते, त्या एटीकेटीवाल्यांना तिनं वर्गात जाऊन सांगितलं, "समिती येईल त्या दिवशी तुम्हाला सुट्टी. यायचं नाही. घरी अभ्यास करा."

बायपासच्या पलीकडे, काचेच्या वर्गात उभा राहून हर्षलनंही जवळपास याच शब्दांत हे सांगितलं होतं. दोघं घरी बोलत नसल्यामुळे एकमेकांना ते माहीत नव्हतं.

*

दुपारी आयोगाच्या सदस्य डॉ. रझिया मुलाणी सीनाच्या गेटातून आत आल्या. साधी सुती साडी, पायात चपला आणि हातात वहीएवढं एक यंत्र. लेझीम वाजलं, गुलाबपाणी उडालं. कुलगुरू डॉ. उंबरजे शाल आणि नारळ घेऊन पुढे झाले.

"सर, नारळ राहू द्या. सकाळपासून दोन झालेत, मला उचलवत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "हे पाम छान आहेत. कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतात."

शर्वाणीनं कुंडीची ओली कडा साडीच्या पदराआड घेतली. पट्टी निघाली होती, पण निळा डाग राहिला होता.

पाटणे सरांचा तास अप्रतिम झाला. सायकलचं चाक दोरीला टांगून त्यांनी फिरवलं, ते तोल न जाता हवेत उभं राहिलं. ठरलेल्या जागी ठरलेला प्रश्न आला, सरांनी क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि उत्तर दिलं. एकही पोर जांभई देत नव्हतं. टाळ्या झाल्या. शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाणी मॅडमनीही टाळ्या वाजवल्या.

"पाटणे सर, तास उत्तम झाला," त्या म्हणाल्या. "कितव्यांदा झाला?"

पाटणे सर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी शर्वाणीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "चौथ्यांदा, मॅडम."

"सकाळी समोर पाचव्यांदा होता." मॅडमनी यंत्र शर्वाणीपुढे धरलं. "बघा."

पडद्यावर साठ बारीक रेघा होत्या. एकोणसाठ सपाट. मध्ये एका रेघेला छोटासा उंचवटा होता, तो एका मुलीला शेजारणीच्या वहीवरचं चित्र काय आहे हे कळल्याचा असावा, कारण तेव्हा सर फळा पुसत होते.

शर्वाणीच्या कानशिलांत गरम झालं. हे तिला आधीपासून माहीत होतं, फक्त आठवलं नव्हतं! उमज ही एका गोष्टीची एकदाच येते. उमजलेलं पुन्हा उमजत नाही, फक्त आठवतं. महिनाभर घासूनपुसून तिनं वर्गातली एकूण एक उमज आधीच वापरून टाकली होती. शिवाय पहिल्या बाकांवर अशी पोरं बसवली, ज्यांना हा धडा गेल्या वर्षीच आला होता. आणि हे तिनं एकटीनं केलं नव्हतं. हर्षललाही नेमकं हेच सुचलं होतं. दोघं एकाच प्रशिक्षणात शिकले होते, दुसरं काय होणार?

"म्हणजे मॅडम, दोन्हीकडे शून्य?" उंबरजे सरांचा आवाज बारीक झाला. ते संस्कृतचे विद्वान, यंत्रांशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. "मग दोघंही हरले की कोणीच नाही?"

"शून्याच्या जवळ. तुमचं किंचित, त्यांचं किंचित, दोन्ही मोजण्याच्या चुकीच्या आत." मॅडमनी भुवया उंचावल्या. "पण माझी अडचण वेगळीच आहे. दिवसभरात ढीगभर उमजा नोंदल्या गेल्यात. त्या तुमच्या आवारात नाहीत आणि त्यांच्याही नाहीत. आणि यंत्र म्हणतंय, त्यांचा भागाकार होत नाही."

त्यांनी नकाशा मोठा केला. दोन आवारं पांढरी होती, आणि मध्ये बायपासच्या कडेला बाजरीच्या भाकरीवर तीळ पेरावेत तसे ठिपके दाटले होते. मॅडम बोलत असतानाच यंत्र दोनदा चिवचिवलं आणि त्यात आणखी दोन वाढले.

"इथे काय आहे?"

शर्वाणीनं ती जागा ओळखली. तिथे रसवंती होती.

*

मॅडम रस्ता ओलांडून निघाल्या तेव्हा मागोमाग शर्वाणी, तिच्यामागे पाटणे सर चाक हातात तसंच धरून, आणि सर्वांत शेवटी शाल काखेत मारून कुलगुरू. हर्षलला मॅडमनीच बोलावून घेतलं होतं. तो पलीकडच्या गेटातून आला आणि शर्वाणीशेजारी येऊन हळूच म्हणाला, "तुझ्याकडेही सपाट?"

"पोळपाटासारखं."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि मग, "म्हणजे वाईट झालं."

भापकरमामांची रसवंती उसाच्या पाल्यानं शाकारलेली होती. चरकाच्या मोठ्या चाकाला घुंगरं बांधलेली, ती छुम छुम वाजत होती. बाकांवर, उसाच्या मोळ्यांवर, जमिनीवर पोरं बसली होती. काही सीनाची, काही ऑर्बिटाची, सगळी आज 'येऊ नका' म्हणून सांगितलेली. समिती बघून सगळी एकदम उभी राहिली.

सर्वांत पुढे सोमेश्वर होता, सीनाचा. यांत्रिकी विषयात तीनदा राहिलेला. "मॅडम, आम्ही आत आलो नाही हां!" तो शर्वाणीला म्हणाला. "तुम्हीच म्हणला येऊ नका. घरी गेलो तर बाबा विचारणार, कॉलेज का नाही. मग इथं बसलो."

"आमचंही तेच," मागून झील ओसवाल म्हणाली. ती ऑर्बिटाची, तिचाही तोच विषय राहिलेला. "सरांनी सांगितलं यायचं नाही."

हर्षल बूट निरखू लागला. मुलाणी मॅडम आळीपाळीनं नवरा-बायकोकडे बघत राहिल्या. "अच्छा. तुम्ही दोघांनीही हुशार पोरं आत घेतली आणि शिकायची बाकी असलेली बाहेर काढली."

"आणि दिवसभर काय केलंत रे इथं?" मॅडमनी विचारलं.

"रस प्यायले, एका गिलासावर पाच तास," भापकरमामा गल्ल्यामागून ओरडले. "वर माझा चरक बंद करायला लावून आत डोकं घालतायत! गिऱ्हाईक परत गेलं माझं."

सोमेश्वर लाजला. "मॅडम, ते असं झालं. मी नुसतं बसून चाक बघत होतो. मोटरचं चाक बारकं, ते गरागरा फिरतंय. पट्ट्यानं त्याला जोडलेलं हे मोठं चाक मात्र सावकाश. मग मी म्हटलं, बारक्याकडं एवढा वेग होता, तो मोठ्याकडं येईपर्यंत गेला कुठं? ही म्हणाली, वेगाचा जोर झाला."

"मी पुस्तकातलं वाक्य म्हटलं," झील म्हणाली. "मला त्याचा अर्थ माहीत नव्हता."

"मी म्हटलं, कसा झाला दाखव. हिला येईना. मग आम्ही मामांना चरक बंद करायला लावला आणि हातानं फिरवून पाहिला. बारकं चाक एका बोटानं फिरतंय! पण दहा वेळा फिरवलं तेव्हा मोठं एकदा फिरलं, आणि त्या एका फेरीत ऊस चिरडला. एका बोटाच्या ताकदीनं ऊस!"

"म्हणजे काम तेवढंच," झील मधेच बोलली. तिचे डोळे चमकत होते. "थोडं थोडं दहा वेळा करायचं की एकदम एकदा, एवढाच फरक. वेग कुठे जात नाही, आपण तो देऊन जोर घेतो. ते मला त्याला समजावून सांगताना कळलं. मी दोनदा हेच लिहून नापास झालेय!"

पाटणे सर पुढे आले. हातातलं सायकलचं चाक त्यांनी उसाच्या मोळीला टेकवलं. "पोरांनो, मी हे वीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "आणि इथे पन्नास पावलांवर हा चरक आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. उद्याचा तास इथेच घेऊ या?"

"उद्याही?" भापकरमामांनी कपाळाला हात लावला.

मॅडम आकडे बघत होत्या. "आता तुमचा प्रश्न," त्या नवरा-बायकोकडे वळल्या. "नियमाप्रमाणे उमज मणी लावणाऱ्याच्या विद्यापीठाच्या खात्यावर जाते. ज्यांना उमजलं त्यांत सीनाची मुलं जास्त आहेत, बरीच जास्त. म्हणजे सीना पुढे."

कुलगुरूंनी शर्वाणीला कोपरानं ढोसलं. "गव्हाणे, घ्या, घ्या," ते पुटपुटले. "गप्प राहा आणि घ्या."

शर्वाणीनं एक मोठा श्वास घेतला. गप्प राहणं अवघड नव्हतं. ती गप्प राहिली तर आजपासून तिचा कक्ष टिकत होता, तिची खुर्ची, तिची खिडकी, सगळं. हर्षल गोंदियाला गेला असता. आणि त्या आकड्यात एक खोट होती, जी तिला दिसत होती. भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला एकदा खोट दिसली की ती न दिसल्यासारखं करता येत नाही.

"मॅडम, उमजलं सीनाच्या मुलांना, पण ते कोणाच्या बोलण्यावर?" ती म्हणाली. "मणी बोलणाऱ्याचीही नोंद ठेवतो. ती बघा. बोलत होती बहुतेक ऑर्बिटाची मुलं. शिकवलं त्यांनी. मग श्रेय त्यांचं धरायला हवं."

"अगं!" हर्षल उसळला. "शिकवणं आणि उमजणं एक नाही. सूत्रात उमज मोजायची आहे, बोलणं नाही. व्याख्या बदलू नकोस मधेच."

"व्याख्या चुकली असेल तर बदलायलाच हवी."

"झीलला उमजलं ते सोमेश्वरच्या प्रश्नामुळे. तो प्रश्न सीनाचा! त्याचं काय?"

"प्रश्नाला एकक कुठे आहे?"

"मग शोधू या, पण आज सीनाच पुढे आहे."

"नाही, ऑर्बिटा!"

"गव्हाणे!" कुलगुरू कळवळले.

मुलाणी मॅडमनी हात वर केला. त्या हसू आवरत होत्या आणि ते त्यांना जमत नव्हतं. "तीस वर्षं मूल्यांकन करतेय. गुण आपल्याकडे ओढणारे रोज भेटतात. दुसऱ्याच्या पानात वाढणारी ही पहिलीच जोडी. तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?"

"नवरा," शर्वाणी म्हणाली.

"बायको," हर्षल म्हणाला.

पोरांत खसखस पिकली. सोमेश्वरनं झीलला विचारलं, "हे तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "मला आत्ताच उमजलं." यंत्र मात्र गप्प राहिलं, म्हणजे ती थाप होती.

"ऐका आता," मॅडम म्हणाल्या. "ही भांडणाची गोष्टच नाही, कारण भागाकार होत नाही. वरच्या संख्या तुम्ही कशाही वाटा. खाली काय लिहाल? या रसवंतीवर तुम्ही किती तास व्यवस्थापन केलंत? शून्य. आणि शून्यानं भागता येत नाही." त्यांनी यंत्राचा पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला. "आतल्या दोन आकड्यांत फरक नाही, बाहेरच्याचा आकडा निघत नाही. म्हणजे कोणीही कमी ठरत नाही, आणि कोणी कमी ठरलं नाही तर माझा नियम लागू होत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा मोजू. तालमी नाहीत, सुट्ट्या नाहीत, कुंड्या नाहीत. त्या पामला प्रवास सोसत नाहीये. आणि तुम्ही दोघं मिळून मला एकच काम करून दाखवा. इथे जे आपोआप झालं, त्याच्या आड न येता ते आत कसं नेता येईल ते शोधा."

"दोघं मिळून?" हर्षलनं विचारलं.

"नाहीतर घरी काय बोलणार?"

कुलगुरू इतका वेळ मोठ्या चाकाकडे टक लावून बघत होते. "बाळ," ते झीलला संकोचून म्हणाले, "हा वेग... तो गेला कुठे म्हणालीस?"

झीलनं त्यांच्या कानामागे एक जादा मणी चिकटवला, त्यांचं बोट धरून बारक्या चाकावर ठेवलं आणि म्हणाली, "फिरवा, सर. आणि मोठ्याकडे बघत राहा." उंबरजे सरांनी फिरवलं. घुंगरं वाजली. त्यांनी पुन्हा फिरवलं, मोजत, ओठ हलवत. उसाचं कांडं कचकन दबलं, आणि त्याच क्षणी मॅडमच्या हातातलं यंत्र चिमणीसारखं चिवचिवलं.

"ही माझी?" कुलगुरूंनी विचारलं.

"तुमचीच, सर."

"अरे वा!" संस्कृतचे विद्वान डॉ. उंबरजे लहान मुलासारखे हसले आणि काखेतली शाल त्यांनी झीलच्या खांद्यावर घातली. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्यांची तालीम कोणी घेतली नव्हती.

मग रस आला. आलं-लिंबू घातलेला, फेसाळ. भापकरमामांनी कुलगुरूंकडून पैसे घेतले नाहीत, बाकी सगळ्यांकडून घेतले. ऊन कलत होतं. पाटणे सर चाकाभोवती जमलेल्या पोरांत कुठेतरी दिसेनासे झाले होते, फक्त त्यांचा आवाज येत होता, आणि मधून मधून यंत्र चिवचिवत होतं.

शर्वाणी आणि हर्षल एका मोळीवर बसले. मग हर्षलनं खिशातून फोन काढला आणि तो अंगठ्यानं पडदा सरकवू लागला.

"काय करतोयस?"

"तिकिटं रद्द करतोय. महाराष्ट्र एक्स्प्रेसची. गोंदियाची. शेवटच्या दिवशी मिळत नाहीत म्हणून महिन्यापूर्वीच काढून ठेवली होती."

"मीच हरणार म्हणून?" शर्वाणीचा आवाज चढला. "एवढी खात्री होती तुला?"

"नाही गं. कोण हरणार ते कुठे माहीत होतं?"

"मग कोणाच्या नावानं काढलंस?"

हर्षलनं फोन तिच्यापुढे धरला. दोन आसनं होती, शेजारी शेजारी. एक खिडकीचं, तिच्या नावावर. दुसरं त्याच्या.

"दोन?" ती म्हणाली. "पण बदली एकाचीच..."

"बदली एकाची. जाणार दोघं. हे वेगळं सांगायचं असतं का?"

शर्वाणीनं त्याच्याकडे पाहिलं. चरक क्षणभर थांबला होता, घुंगरं गप्प होती, आणि तिच्या डोक्यातलं सगळं आवाजही न करता जरासं मिटल्यासारखं झालं.

मुलाणी मॅडमच्या हातातलं यंत्र चिवचिवलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, पोरांच्या घोळक्याकडे बघितलं आणि मग चष्मा वर करून सरळ मोळीकडे.

"गव्हाणे," त्यांनी हाक मारली, "हा मणी तुमचा ना? महिनाभर सपाट असलेला?"

शर्वाणीचा हात आपोआप कानामागे गेला. मणी ती विसरूनच गेली होती.

"काय उमजलं ते मी विचारत नाही," मॅडम म्हणाल्या. "यंत्रालाही ते कळत नाही. नोंद फक्त सीनाच्या खात्यावर करू की ऑर्बिटाच्या, तेवढं सांगा."

"अर्धी अर्धी," शर्वाणी म्हणाली, आणि नवऱ्याच्या हातातला फोन तिनं काढून घेतला. "आणि तू ती तिकिटं रद्द करू नकोस. गोंदियाजवळ जंगल आहे म्हणे. बघून येऊ या."